आणि पार्टी

थांब, आधी फक्त ऐक. मध्ये बोलू नकोस. तुला अर्ध्यातच 'अगं मग तू असं का नाही केलंस' म्हणायची सवय आहे ऋचा, आणि आज माझ्यात ते झेलायची ताकद नाहीये. रविवारपासून नीट झोपलेले नाही. सगळं सांगून होऊ दे, मग काय बोलायचंय ते बोल. बस तशीही वाकडच्या पुढे सरकत नाहीये.

तर आमचे नाना. माझे आजोबा, बाबांचे वडील. ते गायचे हे मी तुला सांगितलंय, पण तुझ्या डोळ्यांसमोर लगेच तानपुरा येतो, तसं नाही. त्यांची गायन पार्टी होती. हसू नकोस, ती पार्टी नाही! चौघं जण गाणारे-वाजवणारे. जयंतीला, बुद्धपौर्णिमेला, कुणाच्या लग्नात, कुणी गेलं तर त्याच्या कार्यक्रमाला. नाना पुढे पेटी घेऊन, ढोलकीवर नागोराव, खंजिरीवर संभाजीकाका, आणि मागे प्रेमला आजी. ती आमची सख्खी आजी नव्हे, वस्तीतली, पण मी आजीच म्हणायचे. दिवसा सगळे नोकरीवर. नाना सरकारी दवाखान्यात वॉर्डबॉय, प्रेमला आजी शाळेत शिपाई. शनिवारी ड्युटी संपली की पेटी-ढोलकी घेऊन स्वारगेटला, मिळेल ती एसटी, रात्रभर कुठल्या तरी गावात गाणं आणि सोमवारी परत कामावर. आम्ही हिंजवडीला जाऊन आलो की मेल्यासारखे पडतो आणि ही माणसं!

आता एक गोष्ट नीट समजून घे, म्हणजे पुढचं कळेल. पुढचा गाणारा ओळ म्हणतो ना, त्या ओळीचा शेवटचा शब्द मागचे उचलतात आणि लांबवत नेतात. त्याला झील म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटतं, छान कोरस आहे. पण खरं काम वेगळंच असतं. मागचा आवाज चालू असतो तेवढ्यात पुढचा श्वास घेतो. तीच त्याची जागा. आणि शब्द खाली पडू द्यायचा नाही. पुढच्याचा संपायच्या आधी मागच्याने धरायचा. नाना फार कडक होते यात. झील उशिरा आली की गाणं झाल्यावर म्हणायचे, "शब्द पडला." बास, एवढंच. त्या रात्री मग नागोराव चहा पण घ्यायचे नाहीत म्हणे. प्रेमला आजीचा मात्र कधी पडला नाही. नानांना दादा म्हणायची ती. म्हणायची, "दादांच्या पाठीवरनं कळतं मला. खांदे वर जायला लागले की मी येते."

त्यांचं एक गाणं खूप गाजलं होतं. 'पाटी घेऊन निघाली लेक, उजेड दारी आला'. आणि मागून प्रेमला आजी, 'आला गं, आला...' तो 'आला' तिचा असा वर जायचा ना की अंगावर काटा. आमच्याकडे पोरं हे ऐकतच मोठी होतात. माझी आई मला भरवताना हेच म्हणायची. कॅसेट निघाली होती. वर नानांचा कोट घातलेला फोटो आणि खाली लिहिलेलं, 'गायक रतन आणि पार्टी'.

आणि पार्टी. लक्षात आलं?

मला नव्हतं आलं. एवढी वर्षं घरात ती कॅसेट, मी कधी विचारच केला नाही. गेल्या महिन्यात हॉस्पिटलमध्ये आलं लक्षात.

प्रेमला आजी आजारी होती हे तुला माहितीये, मी त्या वेळी दोनदा लवकर निघाले होते ऑफिसमधून. नानांना घेऊन जायचे मी तिच्याकडे. नानांचा स्वतःचा दमा एवढा वाढलाय की जिना चढताना तीन वेळा थांबतात, पण जायचंच. आत शिरल्या शिरल्या म्हणायचे, "काय प्रेमलाबाई, अजून इथंच?" आणि ती म्हणायची, "तुम्ही पुढं व्हा दादा, मी मागनं येते. नेहमीसारखं." मरणाच्या दारात विनोद. मी आणि तिचा मुलगा संजयकाका एकमेकांकडे बघत बसायचो, हसावं की काय करावं.

तर तिथे एक सिस्टर होती, नवीनच, लातूरकडची. तिला कळलं आजी गायच्या. ती एवढी खूश झाली, म्हणाली, "अय्या, ते गाणं तुमचं? आमच्या गावात लावतात जयंतीला!" लगेच मोबाइलवर शोधलं. कुणीतरी ती कॅसेट टाकलीये ऑनलाइन, लाखो लोकांनी ऐकलीये. गाणं सुरू झालं. आजी डोळे मिटून पडलेली. सिस्टर स्क्रीनवर बघत म्हणाली, "पण यात तुमचं नाव कुठाय आजी? इथं रतनच लिहिलंय."

आजी म्हणाली, "मी पार्टीत आहे बाळा."

आणि हसली. खरंच हसली गं, टोमणा वगैरे नाही. सिस्टरपण हसली. मी पण. नाना हसले नाहीत. ते तिच्या सलाइनच्या स्टँडकडे बघत राहिले. खाली आल्यावर रिक्षात बसताना मला म्हणाले, "कंपनीवाल्यानं विचारलं होतं. नावं किती टाकायची म्हणून. मीच म्हणालो, जागा कमी असंल तर पार्टी टाका."

मी म्हटलं, "नाना, तेव्हा तसंच करायचे सगळे."

"सगळे करायचे," म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात आजी गेली.

तुमच्यात तेरावं असतं तसं आमच्यात नसतं. पुण्यानुमोदन असतं. विहारात किंवा हॉलमध्ये सगळे जमतात, पांढरे कपडे, फोटो, मेणबत्त्या, भन्तेजी वंदना घेतात, परित्राण पाठ होतो. मग आलेली माणसं दोन शब्द बोलतात, मग जेवण. संजयकाकांनी वारज्यातल्या आमच्या विहारातच ठेवलं होतं, रविवारी सकाळी. ते घरी आले नानांना विचारायला. "नाना, आईसाठी ते गाणं म्हणाल का? तब्येत बघून. नाहीतर मोबाइलवर लावतो आपण."

नाना म्हणाले, "मोबाइल कशाला? मी मेलोय का?"

झालं. आई चिडली, बाबा चिडले. डॉक्टरांनी जोरात बोलायला पण नको सांगितलंय. रोज संध्याकाळी मी ऑफिसमधून आले की त्यांना वाफेचं मशीन लावते, नेब्युलायझर, ते होईस्तोवर मला चहा पण घेता येत नाही, कारण मास्क सरकतो आणि ते धरत नाहीत. त्या दिवशीपण मी मास्क धरून बसलेले, पाय दुखत होते, डोळे मिटत होते. मास्क बाजूला करून नाना म्हणाले, "आम्रपाली, एक ऐक. मी म्हणीन तेव्हा झील कुणी द्यायची नाही."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"ओळ म्हणीन आणि थांबीन. तिची जागा मोकळी सोडीन. पडू दे शब्द. लोकांना ऐकू दे ती नाय म्हंजे काय नाय ते. इतकी वर्षं सगळे रतनचं गाणं, रतनचं गाणं करत बसले. कळू दे अर्धंच होतं माझं."

ऋचा, मला ते इतकं पटलं ना. मी ताडकन जागी झाले. म्हटलं, नाना, मग बोलून पण सांगा ना, आधी दोन वाक्यं बोला. तर म्हणाले, "भाषण करणारे खूप येणारेत. मला गाता येतं." मग म्हणाले, "सगळ्यात जास्त तुझीच भीती आहे. तुला लहानपणापासनं सवय आहे, तुझ्या तोंडून येईल. वचन दे." मी दिलं. हातावर हात ठेवून दिलं. विचारलं मात्र, "श्वास कधी घेणार तुम्ही?" तर म्हणाले, "शांतता असंल की. मस्त आरामात घेईन."

मला पण वाटलं, बरोबर आहे. शांततेत तर अजून सोपं.

रविवारी विहार भरलेलं. बाहेर मांडव घातला होता, तिथेपण माणसं. भाषणं सुरू झाली आणि तू विश्वास ठेवणार नाहीस, प्रत्येक जण नानांबद्दलच बोलला. 'रतन नानांच्या पार्टीत प्रेमलाबाईंनी मोलाची साथ दिली.' 'रतन नानांच्या आवाजाला प्रेमलाबाईंची जोड.' कार्यक्रम कुणाचा आहे बाबांनो! फोटो कुणाचा आहे! एक माजी नगरसेवक तर नानांना शाल घालायला निघाले होते, नानांनी हातानेच बस म्हटलं. माझ्या मनात सारखं, थांबा, आता कळेल तुम्हाला. मला अगदी उकळ्या फुटत होत्या.

मग नाना उठले. पेटी मी समोर ठेवली, मी बाजूलाच बसले, त्यांचा दम्याचा पंप माझ्या पर्समध्ये. त्यांनी सूर धरला आणि पहिली ओळ. आवाज बारीक झालाय, पण लागला. 'पाटी घेऊन निघाली लेक, उजेड दारी आला'. आणि थांबले.

काहीच नाही. पंख्याचा आवाज. नानांनी श्वास घेतला, तो माइकमध्ये ऐकू आला. मी समोर बघितलं, संजयकाकांची मान खाली गेली होती. त्यांना कळलं. मला वाटलं, जमलं! नाना, जमलं!

दुसरी ओळ. परत थांबले. आता मात्र लोक हलायला लागले. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "विसरले." माझ्या पुढच्या बाईने शेजारणीला सांगितलं, "वय झालं हो, आठवत नाही त्यांना." एक जण खुर्चीवरून उठून ओरडला, "म्हणा नाना, म्हणा! होतं असं!" आणि टाळ्या सुरू केल्या, स्टेजवरच्या लहान मुलांसाठी वाजवतात तशा, धीर द्यायला. सगळ्यांच्या चेहऱ्यावर ती कीव. त्यांना आजी नाही हे ऐकूच येत नव्हतं. त्यांना एक थकलेला म्हातारा दिसत होता फक्त.

नानांनी ते ऐकलं. कान तिखट आहेत त्यांचे. त्यांनी तिसरी ओळ घेतली, ती वरच्या सुरातली, आणि ती जोरात घेतली, इतकी जोरात घ्यायला नको होती. शेवटचा 'आला' आला आणि या वेळी ते थांबलेच नाहीत. शब्द सोडेचनात. धरूनच ठेवला. म्हणजे बघ ना, स्वतः ठरवलेलं की पडू द्यायचा, आणि हातून पडेना. आयुष्यभर पडू दिला नव्हता ना! आवाज फाटायला लागला. खांदे वर जायला लागले, आणि मी बघतेय, गळ्याच्या शिरा, ओठ, रंग. एक हात पेटीवरून सुटला आणि शर्टाच्या खिशाशी चाचपायला लागला, आणि पंप माझ्याकडे.

मी पर्स उघडायला हवी होती. तेच म्हणणारेस ना? पर्स मांडीवर होती. चेन उघडायला काय लागतं.

मी 'आला गं, आला' म्हटलं.

आलंच ते. मोठ्याने, वरपर्यंत, अगदी आजीसारखं वळण घेऊन. मला माहीतपण नव्हतं मला ते वळण येतं. आणि नानांनी श्वास घेतला. एवढा मोठा श्वास, बुडालेला माणूस वर आल्यावर घेतो तसा. रंग परत आला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला सांगता येणार नाही. राग नव्हता गं. राग असता तर बरं झालं असतं.

आणि झील आली म्हटल्यावर पुढच्याला पुढची ओळ घ्यावीच लागते. त्यांनी घेतली. मी परत दिली. आता न देऊन कसं चालेल? सगळं गाणं झालं. लोक आता रडत होते, ओळ न ओळ म्हणत होते, शेवटी साधू साधू साधू म्हणताना विहार नुसतं घुमलं. संजयकाका येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवून रडले. म्हणाले, "पोरी, आईची जागा भरून काढलीस." मला वाटलं, आता जमिनीने पोटात घ्यावं मला.

नाना बाहेर गेले होते. चपलांच्या रॅकपाशी पायरीवर बसलेले. मी पंप दिला, त्यांनी घेतला, ओढला. मग पंपाचं झाकण लावत म्हणाले, "परत पार्टीत गेली ती."

बास. त्यानंतर ह्या विषयावर एक शब्द नाही. बाकी बोलतात. चहा दे, मॅच लाव, बस उशिरा आली का. पण मशीन आता स्वतः लावतात, मास्क स्वतः धरतात. मी जवळ गेले तर म्हणतात, "दमून आलीस, बस जा." प्रेमाने म्हणतात. मला रडूच येतं.

आणि कुणीतरी व्हिडिओ काढलेला. आपल्या ऑफिसच्या ग्रुपवर पण आलाय, तू बघितलास, हार्ट टाकलंस, म्हणून तर सांगतेय ना तुला हे सगळं! काय लिहिलंय त्यावर? 'गायक रतन आणि नात, परंपरा चालू आहे.' पहिल्या दोन ओळी कापल्यात. जिथून मी सुरू करते तिथूनच लावलाय. आजीचं नावसुद्धा नाही, मागे भिंतीवर तिचा फोटो दिसतो अर्धा, हार घातलेला. मी खाली लिहिलं की हा कार्यक्रम प्रेमला आजींचा होता, झील मूळ त्यांची आहे. त्यावर एकाने लिहिलं, 'ताई खूप छान आवाज, पुढच्या वाटचालीस शुभेच्छा.'

काल संजयकाका आले होते. बुद्धपौर्णिमेला विहारात नानांनी आणि मी गावं असं कमिटीचं म्हणणं आहे. काकांना मनापासून हवंय. म्हणतात, "आईला किती आनंद झाला असता." तिचा सख्खा मुलगा म्हणतोय, मी काय बोलू? नाना तिथेच पेपर वाचत होते. पेपर खाली नाही केला. म्हणाले, "हिला विचारा. आता हिचं आहे ते."

मी बाबांना विचारलं, मी चुकले का? बाबा म्हणाले, वेडी आहेस का, त्यांचा जीव वाचवलास. आई म्हणाली, गाणं कशाला करू दिलं मुळात. सगळे बरोबर आहेत. आणि मी रोज बसमध्ये खिडकीला डोकं टेकवून तोच क्षण परत परत बघते. श्वासासाठी आलं ते माझ्या तोंडून? का त्या बाईचं 'आठवत नाही त्यांना' मला सहन झालं नाही? का नुसतीच ती रिकामी जागा सोसली नाही मला? पंप होता गं माझ्याकडे. पण चेन उघडून, पंप काढून, त्यांच्या तोंडाशी नेऊन, सगळ्यांसमोर गाणं तिथेच मोडायचं? तेपण त्यांना नकोच होतं. आणि गप्प बसून राहिले असते, आणि त्यांनी शब्द सोडलाच नसता तर?

बोल आता. मघापासून तोंड उघडून बसलीयेस. तू तिथे असतीस, वचन दिलेलं, मांडीवर पर्स आणि समोर ते खांदे वर चाललेले, तर तू काय केलं असतंस?